हळहळीचा हिशेब

पत्त्यांचा डाव मांडला की नवख्या माणसाला वाटतं, चांगली पानं आली की आपण जिंकलो आणि वाईट आली की हरलो. मुरलेला खेळाडू तसं मानत नाही. त्याच्या लेखी पानं सगळ्यांना सारखीच येतात; आज नाही तर वर्षभरात. फरक पडतो तो तीन निर्णयांमुळे. पैसे कधी लावायचे, लावलेले कधी वाढवायचे आणि हातातली पानं मुकाट्याने कधी खाली ठेवायची. या तीन प्रश्नांच्या मागे गणितज्ञ जवळजवळ शतकभर लागले होते. लिमिट होल्डेम नावाच्या पोकरच्या एका प्रकारापुरतं, आणि तेही दोनच खेळाडूंपुरतं, त्यांचं उत्तर २०१५ साली मिळालं. त्या शोधाची ही गोष्ट.

जुगाराची गोष्ट मी सांगावी याचं कोणाला नवल वाटेल. माझ्या धर्मात जुगार निषिद्ध आहे. कुराणात त्यासाठी ‘मैसिर’ हा शब्द येतो. इस्लामपूर्व अरब उंट कापून त्याच्या मांसाचे वाटे बाणांच्या कौलावर लावत, तो हा खेळ. पण निषेध करतानाही त्यात माणसांचा काही फायदा आहे हे कुराण नाकारत नाही. तोटा त्याहून मोठा आहे, एवढंच सांगतं. म्हणजे तिथेही तुलना आहे, एक प्रकारचा हिशेबच आहे. मला तो हिशेब महत्त्वाचा वाटतो.

आपल्या भूमीवरची परंपराही पाहा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. फाशांच्या पायी घर आणि बायको गमावलेल्या माणसाचा तो विलाप. महाभारतातलं द्यूत सर्वांना पाठ असतं. पण त्याच महाभारतात वनपर्वात नल आणि ऋतुपर्ण यांची कथा आहे, ती मात्र पटकन आठवत नाही. रथातून जाताना ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे नुसतं बघून पानांची आणि फळांची संख्या सांगतो. नल मोजून पाहतो तर ती बरोबर निघते. ज्याला असं मोजता येतं त्यालाच फाशांचं रहस्य कळतं, असं ती कथा सुचवते. तेव्हा जुगाराच्या इतिहासात दोन धागे अगदी आरंभापासून आहेत. एक हळहळीचा आणि दुसरा मोजदादीचा. हे दोन धागे पुढे एका अनपेक्षित ठिकाणी एकत्र येणार आहेत.

मोजदादीचा धागा युरोपात सोळाव्या शतकात इटलीच्या कार्दानो या वैद्याने उचलला. तो स्वतः जुगारी होता. फाशांवर त्याने पुस्तक लिहिलं, ते छापलं गेलं १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर. त्याआधी, १६५४ मध्ये, फ्रान्समधल्या पास्कल आणि फर्मा यांच्यात पत्रव्यवहार झाला. अर्ध्यावर मोडलेल्या डावातली रक्कम दोघांत कशी वाटायची, हा त्यांचा प्रश्न. जे घडलं ते सोडा, पुढे जे जे घडू शकलं असतं ते सगळं मोजा आणि त्यानुसार वाटणी करा, हे त्यांचं उत्तर. संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया त्या पत्रांनी घातला.

पोकर त्यानंतरचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी, न्यू ऑर्लिन्सच्या आसपास रुजला. त्यातला होल्डेम हा प्रकार टेक्सासचा. त्या राज्याच्या विधिमंडळाने २००७ साली ठराव करून रॉब्सटाऊन या गावाला त्याचं जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. १९६३च्या सुमारास कॉर्की मॅककॉर्कोडेल नावाच्या खेळाडूने तो लास व्हेगासला नेला, असं मानलं जातं.

खेळ समजायला अवघड नाही. आपल्याकडच्या तीन पत्तीत सगळी पानं झाकलेली असतात. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि टेबलावर पाच पानं सगळ्यांसाठी उघडली जातात. आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. अशा सात पानांतून ज्याची पाच पानं सर्वांत वरचढ, तो मधली रक्कम उचलतो. या मधल्या रकमेला ‘पॉट’ म्हणतात. पैसे लावण्याच्या फेऱ्या चार. लिमिट म्हणजे लावण्याची रक्कम आधीच ठरलेली. समजा, पहिल्या दोन फेऱ्यांत दहा रुपये, तर पुढच्या दोन फेऱ्यांत वीस. कमी नाही, जास्त नाही. एका फेरीत पैज वाढवायची तीही साधारणपणे तीन वेळाच. एका दमात सगळी रास पुढे सारून समोरच्याला घाबरवण्याची इथे सोय नाही. चित्रपटात दिसतो तो प्रकार वेगळा, नो लिमिट. लिमिटचा खेळ म्हणजे छोट्या छोट्या निर्णयांची लांबलचक माळ.

आता यातला एक निर्णय घेऊ. माझ्या हातात दोन बदाम आहेत, टेबलावर उघडलेल्या चार पानांत आणखी दोन. शेवटचं पान बदाम आलं तर माझे पाच बदाम होतील आणि डाव माझा, असं धरून चालू. मी सहा पानं पाहिली आहेत, न पाहिलेली ४६. त्यांत बदाम नऊ. म्हणजे ४६ वेळा हाच प्रसंग आला तर सरासरीने ९ वेळा मी जिंकणार आणि ३७ वेळा हरणार. समोरच्याने वीस रुपये लावले आहेत. मी वीस घालून पुढचं पान पाहू, की पानं टाकून देऊ?

उत्तर हातातल्या पानांवर नाही, मधल्या रकमेवर आहे. आधी बरेच जण खेळात होते, म्हणून मध्ये १२० रुपये साचले होते. त्यांत समोरच्याचे वीस धरून १४०. मी ४६ वेळा वीस रुपये घातले तर ३७ वेळा वीसप्रमाणे ७४० रुपये जातील आणि ९ वेळा १४० प्रमाणे १,२६० मिळतील. ५२० रुपयांचा फायदा. तेव्हा घालावेत. पण डाव दोघांतच चालला आहे आणि मध्ये फक्त ४० रुपये होते, असं समजा. वीस धरून साठ. आता ९ वेळा साठ म्हणजे ५४०, आणि जाणार तेच ७४०. दोनशेचा तोटा. तेव्हा टाकावीत. शेवटच्या फेरीतली पैज मी सोपेपणासाठी बाजूला ठेवली आहे. पण मुद्दा लक्षात यावा. पानं तीच, माणूस तोच, आणि तरीही निर्णय उलटा.

आणखी एक बारकावा आहे. मधली रक्कम मोजायची, पण तिच्यात आपले किती गेले हे विसरायचं. मध्ये टाकलेला पैसा आपला राहत नाही. ‘आता इतके घातलेच आहेत, तर आणखी वीस’ हा विचार मनात आला, की समजावं, बुडालेल्या पैशाने आपल्याला हाताला धरून ओढलं. जुगारात बुडालेल्या घरांच्या कहाण्यांत हे वाक्य कुठे ना कुठे येतंच.

या हिशेबात एक गोष्ट मात्र अजून आलेली नाही. समोरचा. फाशाला मन नसतं. माणसाला असतं आणि तो थाप मारू शकतो. थापेचं गणित करायला विसावं शतक उजाडावं लागलं. फ्रान्सचे एमिल बोरेल यांनी १९२१ पासून अशा खेळांवर लिहायला सुरुवात केली. १९२८ मध्ये हंगेरीचे जॉन फॉन नॉयमन यांनी दोघांच्या खेळाचा पायाभूत सिद्धान्त मांडला. १९४४ मध्ये अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेल्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचा निष्कर्ष विलक्षण होता. थाप मारणं हा स्वभावाचा गुण नाही, दोषही नाही. ती गणिताची गरज आहे.

का, ते आपल्याच आकड्यांवरून पाहू. शेवटचं पान उघडलं आहे, मध्ये १२० रुपये आहेत आणि मी वीस लावतो. मी नेहमी चांगल्या पानांवरच पैसे लावत असेन तर समोरचा दरवेळी पानं टाकेल. माझ्या चांगल्या पानांना कोणी पैसे देणार नाही. मी भरमसाट थापा मारल्या तर तो दरवेळी वीस घालून मला पकडेल. मधला बिंदू असा. आठ वेळा पैसे लावले तर सात वेळा खरं पान, एक वेळ थाप. मग समोरचा आठही वेळा वीस घालो, सात वेळा १४० गमावेल आणि एकदा १४० कमावेल. न घालो, तरी तेच. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याने सातांतून एकदाच पानं टाकावीत. त्याहून जास्त टाकली तर माझ्या थापा पिकतील. आणि कोणती वेळ थापेची, हे ठरवायला चेहरा, मूड, राग काही उपयोगाचं नाही. ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायला हवं, नाहीतर समोरच्याला सुगावा लागतो.

हे फक्त जुगाराच्या टेबलापुरतं राहिलं नाही. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर २००७ पासून तपासणी नाके आणि श्वानपथकं कधी कुठे ठेवायची, हे याच जातीच्या गणिताने, मुद्दाम अनियमितपणे ठरवलं जाऊ लागलं. त्या कामामागे भारतीय वंशाचे संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे यांचा गट होता.

हॅरॉल्ड कून या गणितज्ञाने १९५० मध्ये पोकर अगदी तीन पानांवर आणून ठेवला. दोन खेळाडू, एकेक पान, एकच पैज. त्याचं पूर्ण उत्तर त्याने हातानेच काढलं. त्यातही थापा निघाल्या, ठरलेल्या प्रमाणात. आणि आणखी एक गोष्ट निघाली. पहिली चाल ज्याची, तो कितीही अचूक खेळला तरी, समोरचाही अचूक खेळत असेल तर सरासरीने दर डावाला एका चिपेच्या अठराव्या भागाइतका हरतोच. चूक त्याची नाही, जागाच तशी. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. हरणारा प्रत्येक माणूस चुकलेला असतो असं नाही, हे गणिताने सिद्ध करून दिलं.

विद्वानांचं हे गणित खेळाडूंच्या भाषेत आणलं डेव्हिड स्क्लान्स्की यांनी. तरुणपणी विमा-गणिताचं काम केलेला हा माणूस पुढे व्यावसायिक खेळाडू झाला. होल्डेमवरचं त्यांचं छोटं पुस्तक १९७६ मध्ये आलं आणि ‘द थिअरी ऑफ पोकर’ १९८७ मध्ये. समोरच्याची पानं दिसत असती तर आपण जसं खेळलो असतो, त्यापासून आपण किती ढळलो, यावर त्यांनी खेळाचं मोजमाप बसवलं. डाव जिंकला की हरला, यावर नाही.

तरीही ठरलेली मर्यादा म्हणजे सुरक्षितता, असं कोणी समजू नये. डॅलसचे बँकमालक अँडी बील २००१ ते २००६ या काळात लास व्हेगासमध्ये नामवंत खेळाडूंच्या एका गटाशी, एका वेळी एकाशी, लिमिट होल्डेमच खेळले. एकेक पैज काही हजार डॉलरपासून लाखाच्या घरात गेली. बील हे गणितात रमणारे गृहस्थ. खेळाचा अभ्यास करून आलेले. फेब्रुवारी २००६ मध्ये ते आधी मोठी रक्कम जिंकले आणि मग फिल आयव्ही या खेळाडूशी तीन दिवसांत एक कोटी साठ लाखांहून अधिक डॉलर हरले. पैज मोजून लावायची असली, तरी उठायचं कधी हे खेळाचे नियम सांगत नाहीत.

आता कॅनडात जाऊ. अल्बर्टा विद्यापीठात एडमंटनला १९९० च्या दशकापासून एक गट संगणकाला पोकर शिकवत होता. बुद्धिबळात संगणकाने १९९७ मध्ये कास्पारोव्हला हरवलं होतं. पण बुद्धिबळात सगळा पट समोर असतो. इथे निम्मं झाकलेलं. दोघांच्या अशा खेळाचं उत्तर लिनिअर प्रोग्रॅमिंग या पद्धतीने काढता येतं. ही गणितं झपाट्याने सोडवण्याची नवी रीत १९८४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये नरेंद्र करमरकर या मराठी गणितज्ञाने मांडली आणि तिने जगभर खळबळ उडवली. पण होल्डेमचा पसारा त्याही हिशेबापलीकडचा. दोघांच्या लिमिट खेळात उद्भवू शकणाऱ्या स्थिती किती? ३१६ लिहा आणि पुढे पंधरा शून्यं द्या.

जुलै २००७ मध्ये व्हँकुव्हरला या गटाचा ‘पोलारिस’ हा प्रोग्रॅम फिल लाक आणि अली एस्लामी या दोन खेळाडूंसमोर बसला. पत्त्यांच्या नशिबाचा भाग काढून टाकण्यासाठी ब्रिजच्या स्पर्धांतली युक्ती वापरली. दोन खोल्यांत तेच पत्ते, पण उलटे वाटलेले. एका खोलीत माणसाला जे हात, ते दुसऱ्या खोलीत यंत्राला. पाचशे-पाचशे डावांच्या चार बैठका झाल्या. एक बरोबरीत, एक यंत्राची, दोन माणसांच्या. पुढच्या वर्षी लास व्हेगासला सहा बैठकांत यंत्राने तीन जिंकल्या, दोन गमावल्या, एक बरोबरीत सुटली. पारडं फिरलं होतं.

ते ज्या रीतीने पुढे पुरतं झुकलं, तिच्या नावाशी मी थबकलो. २००७ मध्येच या गटाने मांडलेल्या त्या रीतीच्या नावातच ‘पश्चात्ताप’ आहे. ती अशी. यंत्र स्वतःशीच खेळतं. प्रत्येक वळणावर स्वतःला विचारतं, इथे मी पानं टाकली. त्याऐवजी नेहमी पैज वाढवली असती तर किती मिळालं असतं? आणि नुसती बरोबरी केली असती तर? जे केलं आणि जे करता आलं असतं यांतला फरक ते त्या त्या पर्यायाच्या नावावर जमा करतं. ही त्याची हळहळ. पुढच्या वेळी ज्या पर्यायाची हळहळ जास्त साचली, तो त्या प्रमाणात जास्त वेळा निवडतं. असं अब्जावधी वेळा केलं की सरासरी खेळ हळूहळू अचूकतेकडे सरकतो. अक्षसूक्तातल्या जुगाऱ्याची हळहळ आणि ऋतुपर्णाची मोजदाद, दोन्ही धागे इथे एका गाठीत आले.

पण यंत्राची हळहळ आणि आपली हळहळ यांत फरक आहे. आपण पानं टाकतो, मग शेवटचं पान उघडतं आणि नेमका बदाम निघतो. आपण कपाळावर हात मारतो. यंत्र त्या एका बदामासाठी हळहळत नाही. समोरच्याकडे जी जी पानं असू शकतात आणि टेबलावर जी जी पडू शकतात, त्या सगळ्यांचा विचार करून तो निर्णय किती महाग पडला, तेवढंच ते टिपतं. ती हळहळ निकालाची नसते, निर्णयाची असते.

जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मायकेल बोलिंग, नील बर्च, मायकेल जोहान्सन आणि फिनलंडचे ऑस्करी तामेलिन यांनी जाहीर केलं की दोघांचा लिमिट होल्डेम व्यवहारतः सुटला आहे. ४,८०० प्रोसेसर सुमारे ६८ दिवस चालले होते. या प्रोग्रॅमचं नाव ‘सिफीयस’. तासाला दोनशे डाव, रोज बारा तास, सत्तर वर्षं कोणी त्याच्याशी खेळलं, तरी त्याच्यात आणि निर्दोष खेळात जो उरलासुरला फरक आहे, तो खात्रीने दाखवता येणार नाही. सत्तर वर्षांचे ते डाव सहा कोटींच्या वर भरतात.

मग उत्तर काय निघालं? पत्ते वाटणाऱ्याची पहिली चाल असते, तेव्हा सिफीयस जवळजवळ कधीच नुसती बरोबरी करत नाही. एक तर पैज वाढवतो, नाहीतर पानं टाकतो. ‘बघू तरी’ म्हणून थोडे पैसे घालून रेंगाळणं त्याला मान्य नाही. हलक्या पानांवरही तो ठरलेल्या प्रमाणात थाप मारतो. आणि दुसरं उत्तर असं, की दोघेही असेच खेळले तर पत्ते वाटणारा दर डावाला मूळ पैजेच्या नऊ टक्क्यांहून किंचित कमी जिंकतो. पण वाटण्याची पाळी आळीपाळीने येते. म्हणजे दोघांनी अचूक खेळ केला तर शेवटी हाती काय? शून्य. टेबलाचा मालक दर डावातून आपला वाटा काढतो, तो धरला तर शून्याहून कमी. कोणी कमावलंच तर ते दुसऱ्याच्या चुकीतून.

पुढे २०१७ मध्ये पिट्सबर्गला ‘लिब्राटस’ या प्रोग्रॅमने नो लिमिटमध्ये चार व्यावसायिकांना हरवलं आणि २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ने सहाजणांच्या टेबलावर बाजी मारली. पण ते विजय आहेत. सिफीयससारखं पूर्ण उत्तर नव्हे.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संमत केला. त्याआधीची काही वर्षं मोबाइलवर जाहिराती सांगत होत्या, हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे. लिमिट होल्डेमचा इतिहास म्हणतो, कौशल्याचा आहे हे खरं. पण ते कौशल्य पुरतं साधलेल्या दोघांच्या वाट्याला शून्य येतं, हेही तितकंच खरं. जाहिरातीत हे दुसरं वाक्य नसतं. कायदा दार बंद करू शकतो. दाराशी उभ्या असलेल्या पोराला हा शून्याचा हिशेब मात्र कोणीतरी घरात बसून समजावून सांगावा लागेल.

त्या हिशेबाचा उपयोग पत्त्यांना हातही न लावणाऱ्यांना आहे. पेरणी, मुलीचं शिक्षण, आजाऱ्याचं ऑपरेशन; यातलं काहीही ठरवताना काही पानं झाकलेलीच असतात. उलटा निकाल लागला की घरातले एकमेकांना बोल लावतात आणि माणूस स्वतःला वर्षानुवर्षं कुरतडतो. अशा वेळी एवढंच विचारावं की त्या दिवशी जे दिसत होतं, त्यावरून तो निर्णय बरोबर होता का? नसेल तर हळहळ रास्त आहे. ती पुढच्या वेळी कामाला येईल. असेल तर मात्र नंतर उघडलेल्या पानाचा दोष त्या माणसाच्या माथी मारू नये, मग तो माणूस आपण स्वतः असलो तरी.